परसातलं बीळ नेमकं कुणाचं?

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मळ्यातलं घर आहे. गोठ्याच्या मागं, शेणीच्या हुडव्यापासून गव्हाणीपर्यंत पाच-सहा बिळं आहेत. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी दिवसाउजेडी एका बिळात नाग शिरताना पाहिला. घरात दोन लहान मुलं. शेजारी म्हणतात जेसीबी आणा आणि सगळं उकरून काढा. दीर म्हणतात रॉकेल ओतून वरून सिमेंट घाला. सासूबाई म्हणतात ते नागोबाचं घर आहे, हात लावायचा नाही. ताईंना कळत नाही कुणाचं ऐकावं.

ताई, सासूबाईंचं निम्मं ऐका. आत्ता हात लावायचा नाही, हे त्यांचं अगदी खरं. पण ते घर नागोबाचं नाही, ते घुशीचं आहे. कराड-वाळवा पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं साप पकडून सोडतोय, आणि परसातल्या बिळांबद्दल जे काही सांगायचं ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण फुकट्या माणसाला लावतो, पण ज्यानं ती पहिल्यांदा म्हटली त्यानं शेतात बसून नीट पाहिलेलं असणार. नागाला हात नाहीत, पाय नाहीत, माती उकरायचं कुठलंच साधन नाही. धामण, मण्यार, घोणस, तस्कर, कवड्या यांचीही तीच गत. तयार बीळ, वारुळाचं तोंड, गडग्याच्या दगडांमधली फट, जोत्याला गेलेली चीर, जे मिळेल त्यात ते शिरतात. वारूळसुद्धा वाळवीनं बांधलेलं असतं.

मातीत खरोखर शिरणारे साप आपल्याकडे आहेत, पण त्यांना भ्यायचं कारण नाही. मांडूळ आणि डुरक्या घोणस भुसभुशीत मातीत तोंड खुपसून आत जातात. वाळा तर आयुष्य जमिनीखाली काढतो. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून वर येतो आणि लोक त्याला विषारी सापाचं पिल्लू समजून ठेचतात. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिमेला कुजलेल्या पाल्याखाली खापरखवल्या सापडतो. हे सगळे बिनविषारी. यांची बिळं तुम्हाला परसात दिसणारही नाहीत, कारण त्यांच्यामागं माती मिटून जाते.

आता तुमची बिळं. जिथं तोंडाशी ताजी, रवाळ मातीची उकीर दिसते तिथं घूस राबती आहे. एका घुशीच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात, त्यातली एक-दोन तिनं आतून मातीनं बुजवलेली असतात. आत फाटे असतात, कोठारं असतात. एकदा बांधालगतचं मोडकं बीळ पाहिलं, तर आत ज्वारीची कणसं कुणी हातानं रचावीत तशी लागलेली होती, पायलीभर सहज भरली असती. खेकड्याचं बीळ ओल्या जागी, ओढ्याकडेला, आणि त्याच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या. इंगळीच्या बिळाचं तोंड अर्ध्या चंद्रासारखं आडवं. तोंडावर कोळ्याचं जुनं जाळं असेल, धूळ बसलेली असेल, तर त्या तोंडातून बऱ्याच दिवसांत कुणी ये-जा केलेली नाही. आणि तोंड गुळगुळीत, उकीर जुनी, कडा झिजलेल्या, जाळं नाही असं असेल, तर तिथं जरा थांबून बघायचं.

साप त्यात का जातो, हे समजून घ्या. सापाच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर चालते. चैत्र-वैशाखात तुमच्याकडं वरची माती हात लावू देत नाही, तेव्हा दोन-अडीच फूट खाली गारवा आणि ओल टिकून असते. माघाच्या थंडीत तेच बीळ उबदार. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा येतो, त्याला नीट दिसत नाही, तेव्हा आठ-दहा दिवस तो अशा ओलसर जागी पडून राहतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिळात घुशीची पिल्लं असतात. राहायला जागा आणि खायला जेवण एकाच दारात.

त्यामुळं बिळात साप आहे की नाही हे ओळखायला मी एक जुनी युक्ती सांगतो, फक्त ती लांबून करायची. चुलीची राख चाळून घ्या. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडा, डबा सात-आठ फूट बांबूच्या टोकाला घट्ट बांधा, आणि बिळापासून बांबूभर अंतरावर उभं राहून तोंडापुढं राख झटका. वीत-दीड वीत रुंद पट्टा पुरतो. वाकायचं नाही, हातानं सारखं करायचं नाही, मुलांना जवळ घ्यायचं नाही. हे ऊन कलायच्या आधी करायचं, अंधारात नाही. सकाळी लांबूनच बघायचं. घूस गेली असेल तर बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ उमटते. बेडूक टप्प्याटप्प्यानं उठलेला दिसतो. साप गेला असेल तर ओल्या अंगठ्यानं राख पुसत न्यावी तसा सलग गुळगुळीत पट्टा असतो, आणि वळणावर राख बाहेरच्या बाजूला सरलेली असते. जाड घोणस कधीकधी नागमोडी न जाता सरळ रेषेत सरकते, तिचा पट्टा रुंद आणि सरळ पडतो. पण पट्ट्यावरून जात ठरवू नका. साप आहे, एवढंच त्यातून कळतं. सगळ्या तोंडांवर एकाच संध्याकाळी राख टाका, कारण नाग एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला असेल तर तेही दिसेल.

तीन-चार दिवस राख जशीच्या तशी राहिली म्हणजे बीळ मोकळं, असं बहुतेक वेळा म्हणता येतं. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण पोटभर खाल्लेला, कात टाकायला आलेला किंवा थंडीनं गारठलेला साप कितीतरी दिवस हलत नाही. आणि अंड्यांवर असलेली नागीण तर दीड-दोन महिने जागा सोडायचं नाव घेत नाही.

इथं मला माझ्या हातून झालेली चूक सांगितली पाहिजे. या कामात येऊन मला दोनच वर्षं झाली होती. एका वस्तीवर गोठ्याच्या भिंतीला लागून नाग बिळात गेला, म्हणून मालकानं बोलावलं. घाबरलेली माणसं भोवती उभी, सगळ्यांना लगेच निकाल हवा होता, आणि मी कुदळ घेतली. तिसऱ्या घावाला माती आत ढासळली. हातानं माती काढली तर नागिणीच्या पाठीवर कुदळीची कड बसलेली, आणि तिच्याखाली पांढरी, एकमेकांना चिकटलेली चौदा अंडी, त्यातली पाच फुटलेली. ती फणा काढायचा प्रयत्न करत होती आणि तिला तो पूर्ण उभारता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर बीळ उकरण्यासाठी मी कुदळ हातात घेतलेली नाही. आपल्या नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळानं बिळातली पिल्लं मरतात. लहानपणी आजीकडून कितीदा ऐकलेली ती कहाणी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. नागीण उन्हाळ्यात अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या सुरुवातीपासून पुढं, पिल्लं बाहेर येतात. श्रावणात पंचमीला जमीन नांगरायची नाही, खणायचं नाही, हा नियम ज्यांनी घातला त्यांना हा हिशेब माहीत होता असं मला मनापासून वाटतं. ते बिळात दूध ओततात तेवढं मात्र नको. साप दूध पीत नाही, आणि सांडलेल्या दुधावर मुंग्या येतात.

म्हणून तुमच्या नागाचं असं करा. आत्ता मृग लागायला आलाय, तेव्हा ती अंड्यांवरची नागीण असू शकते. बीळ मुलांच्या खेळायच्या जागेपासून, न्हाणीच्या वाटेपासून चार पावलांवर असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, म्हणजे त्यांच्याकडून किंवा त्यांच्या माहितीतल्या प्रशिक्षित माणसाकडून मदत येईल. येणाऱ्या माणसाला पैसे देऊन ‘आत्ता उकर’ म्हणू नका. नागाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला मारणं, बाळगणं, पकडून खेळवणं हा गुन्हा आहे. बीळ गोठ्याच्या पलीकडं, बांधाच्या अंगाला असेल तर तिथला वावर बंद करा. दोरी बांधा, शेणी तिथून उचलायचं थांबवा, कोंबड्या दुसरीकडं डालून ठेवा. नाग माणसाच्या मागं लागत नाही. फणा काढून तो एवढंच सांगत असतो की आता पुढं येऊ नका. पण नुकतं बाहेर आलेलं वीतभर पिल्लूसुद्धा विषारी असतं, आणि मुलं पिल्लाला हात लावायला जातात. म्हणून मुलांना आजच सांगून ठेवा.

दीर म्हणतात ते रॉकेल आणि सिमेंट नको. बिळाला पाच-सहा तोंडं आहेत. तुम्हाला दिसणारी सगळी एकदम बुजवलीत तर आतला साप एकतर गुदमरून मरेल, नाहीतर न दिसणारं आणखी एखादं तोंड शोधेल, आणि मी पाहिलंय की ते तोंड पुष्कळदा जोत्यातून घरात निघतं. मिरचीचा धूर केला तरी तेच. एका घरी मागं धूर केला आणि धामण स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीमागून बाहेर आली. ती बिनविषारी धामण होती म्हणून निभावलं. रॉकेल जमिनीत मुरून बोअरच्या पाण्यात उतरू शकतं. आणि धान्यात टाकायच्या विषारी वायूच्या गोळ्या तर बिळाच्या आसपासही नेऊ नका. घुशीच्या बिळात टाकतात म्हणून कुणी सांगेल, पण तो वायू फाट्याफाट्यानं घरात आणि गोठ्यात शिरतो. झोपलेली माणसं त्यानं मरतात.

साप येऊ नये म्हणून फिनेल, लसूण, गंधक, डांबरगोळ्या, कार्बोलिक अ‍ॅसिड, सर्पगंधा लावणं हे सगळं मी लोकांच्या परसात बघितलंय आणि त्याच परसातून साप पकडलेत. कार्बोलिकनं एका बाईंचा हात भाजलेला पाहिलाय.

जे खरंच उपयोगी पडतं ते कष्टाचं आहे. घुशीचं जेवण बंद करायचं. तुमच्या गोठ्याच्या मागं मी आलेलो नाही, पण काय असेल ते सांगू शकतो. पेंडीचं पोतं फाटक्या कोपऱ्यासकट जमिनीवर, गव्हाणीतून सांडलेला भरडा, कोंबड्यांना टाकलेलं आणि संध्याकाळी तसंच पडलेलं धान्य, भिंतीला चिकटून रचलेला कडबा, आणि वर्षानुवर्षं तळ न हललेला हुडवा. पेंड आणि भरडा झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. कोंबड्यांना खाण्याएवढंच टाका आणि दिवस मावळायच्या आत झाडून घ्या. कडबा आणि सरपण भिंतीपासून हात-दीड हात लांब, खाली दगड आणि त्यावर फळ्या किंवा ओंडके टाकून वर रचा, म्हणजे खालून आरपार उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसतो तिथं घूस थांबत नाही. हुडवा मोडाल तेव्हा भर दुपारी, एका बाजूनं, लांब काठीनं शेण्या सरकवत. हात घालून उचलायचं नाही. घोणस हुडव्याखाली आणि उसाच्या पाचटाखाली तासन्‌तास न हलता बसते. माणूस आला तरी पळत नाही, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते, आणि पाचटाच्या रंगात दिसत नाही. ऊसतोडीत, पाणी पाजताना हात-पाय सापडतात ते तिलाच. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस आणि त्याहूनही जास्त, आणि तीही पावसाच्या तोंडावरच.

घुशीसाठी पिंजरा लावा. जेवण आटलं आणि पिंजऱ्यात दोन-चार सापडल्या की महिन्याभरात नवी उकीर दिसायची थांबते. मग बुजवायला लागा, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी घराच्या अंगाची तोंडं, राख तीन-चार दिवस कोरी राहिल्याची खात्री करून. आत दगडाचे तुकडे ठोकून, वर सिमेंट. बांधाकडचं तोंड शेवटपर्यंत उघडं ठेवा. आत कुणी असेल तर त्याला शेताकडं जायला वाट राहते. ते शेवटचं तोंड पंचमी उलटून गेल्यावर, राख पुन्हा बघून बुजवा. मोरीच्या आणि सांडपाण्याच्या पाइपाला पाव इंची जाळी बसवा. करंगळीएवढ्या भोकातून कवड्या सहज आत येतो. तो बिनविषारी, पण घरात दिसला की लोक त्याला मण्यार समजतात, आणि कधीतरी मण्यारीला कवड्या समजतात, ते जास्त धोक्याचं.

‘एक पकडला, दुसरा आला, डूख धरून आला’ असं पुष्कळ जण सांगतात. साप डूख धरत नाही. माझ्या ओळखीच्या एका वस्तीवरून मी तीन वर्षांत त्याच गोठ्यातून चार नाग आणि दोन धामणी नेल्या. चौथ्या वर्षी त्यांनी भरडा कोठीत ठेवायला सुरुवात केली, पोटमाळ्यावरचा मका विकून टाकला, आणि माझा फोन वाजायचा थांबला. बीळ तेच, उंदीर तेच, म्हणून रिकाम्या जागी पुढचा साप येत होता. माद्यांच्या वासानं नरही येतात, पण ते ठरावीक दिवसांत. साप उचलून नेणाऱ्याला बोलावणं हा निम्मा उपाय आहे, आणि मी स्वतः तेच काम करतो म्हणून हे जास्त ठासून सांगतो.

बिळाची भीती वाटते ती दिवसा, पण रात्री अंथरुणात माणूस दगावतो तो बहुधा मण्यारीनं. मण्यार दिवसभर बिळात, विटांच्या ढिगात पडून असते, रात्री भक्ष्य शोधत फिरते आणि जमिनीवर अंथरलेल्या गोधडीत शिरते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा लागतो, सूज येत नाही, पुष्कळदा माणूस कूस बदलून परत झोपतो. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. मुलांना खाली झोपवू नका. कॉट नसेल तर बाज चालेल, पण मच्छरदाणी हवीच आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. रात्री उठायचं तर बॅटरी आधी, पाय नंतर.

कुणाला चावलाच तर चावलेला भाग हाड मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी नको, ब्लेड नको, तोंडानं चोखणं नको. मंदिर, मांत्रिक, पाला यात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालयात न्या. निघण्याआधीच फोन करून तिथं प्रतिसर्पविष आहे का हे विचारा. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच असतं, त्यामुळं साप पकडून किंवा मारून सोबत न्यायची गरज नाही. घोणशीच्या शंकेला डॉक्टर रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि गोठतं का पाहतात. ती वीस मिनिटं धीर धरा. काही त्रास नसला तरी चोवीस तास तिथंच थांबायचं.

कृष्णाकाठी राहता म्हणून आणखी एक सांगून ठेवतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा नदीकाठची सगळी बिळं एका रात्रीत भरली. त्यातले साप, उंदीर, विंचू सगळे जिथं कोरडं दिसलं तिथं चढले. पत्र्यावर, माळ्यावर, बाहेर काढून ठेवलेल्या गाद्यांत. पूर ओसरल्यावर घरात परतलेल्या माणसांनी घडी न झटकता अंथरूण उचललं. पाणी वाढायला लागलं की बिळाकडं बघत बसू नका, उंचावरच्या वस्तू काठीनं हलवून मग हात लावा.

तुम्ही उद्याच राख टाका. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघायला विसरू नका, नाहीतर त्या पहिल्या पाच मिनिटांत सगळा पट्टा विस्कटून टाकतात. लांबून, उंचीवरून मोबाइलनं फोटो काढा, शेजारी मापासाठी काडेपेटी आदल्या संध्याकाळीच बांबूनं सरकवून ठेवलेली असू द्या, आणि तो फोटो मला पाठवा. सगळ्या तोंडांचे पाठवा, म्हणजे कुठलं तोंड कधी बुजवायचं ते सांगतो.